काड्यापेटीचं चित्र : लहान मुलांसाठी पॉप आर्ट आणि चिकटकाम



चित्रकलेच्या तासाला वर्गात हमखास ऐकू येणारं एक वाक्य आहे : "बाई, मला चित्र येत नाही." हे म्हणणारं मूल तिसरीतच ठरवून मोकळं झालेलं असतं. डोंगर, सूर्य, झोपडी काढतं आणि गप्प बसतं. अशा मुलांसाठी मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपक्रम म्हणजे पॉप आर्ट. तिसरी-चौथीला दोन तासिकांत तो छान होतो.

पॉप आर्ट म्हणजे काय?

'पॉप' म्हणजे पॉप्युलर, लोकांच्या रोजच्या ओळखीचं. १९५० नंतर इंग्लंड-अमेरिकेत दुकानं, जाहिराती, मासिकं, टीव्ही यांची गर्दी झाली. काही चित्रकारांना वाटलं, लोक दिवसभर हेच बघतात, मग चित्रात हे का नको?

रिचर्ड हॅमिल्टन या इंग्लिश चित्रकाराने १९५६ साली मासिकांतली चित्रं कापून एक घर तयार केलं. त्यात एक पैलवान हातात भलंमोठं लॉलीपॉप घेऊन उभा आहे आणि त्यावर 'पॉप' असं लिहिलंय. मुलं हे ऐकून खूप हसतात. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की पॉप आर्टचं हे गाजलेलं चित्र म्हणजे कोलाज, आपलं चिकटकामच!

पुढे अमेरिकेत अँडी वॉरहॉलने सूपचे डबे रंगवले. १९६२ साली लॉस एंजेलिसमध्ये त्याची ३२ चित्रं मांडली होती. प्रत्येकात तोच डबा, फक्त सूपचा प्रकार वेगळा. किराणा दुकानातल्यासारखी ती फळीवर ओळीने ठेवली होती. तेव्हा अनेकांनी थट्टा केली. आज ती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत. हेच सूप आपण वर्षानुवर्षं जेवणात घेत आलो, असं वॉरहॉल सांगायचा. म्हणजे त्याने आपल्या जेवणातलीच वस्तू निवडली होती.

मुलांना एवढी गोष्ट पुरते. मग विचारायचं, "तुमच्या घरात रोज दिसणारी, पण कुणी नीट न बघितलेली वस्तू कोणती?"

साहित्य

- जुन्या लग्नपत्रिका (नमुना कापायला)
- चार-पाच रंगांचे घोटीव कागद
- पाठकोरे कागद किंवा कार्डशीट
- कात्री, पेन्सिल आणि मैद्याची खळ
- कागदी खोके : चहा, साबण, टूथपेस्ट, काड्यापेटी
- ठिपक्यांसाठी कानकोरणीची कापूसकाडी आणि पोस्टर कलर

चकचकीत प्लास्टिकची वेष्टनं टाळा. खळीने ती चिकटत नाहीत, मुलं वैतागतात.

कृती

१. कार्डशीटची उभी-आडवी घडी घालून चार सारखे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात वेगळ्या रंगाचा कागद चिकटवायचा.

२. निवडलेली वस्तू पाच मिनिटं नुसती बघायची. झाकण कसं आहे? अक्षरं कुठे आहेत? कुठला रंग जास्त आहे?

३. लग्नपत्रिकेवर वस्तूचा बाह्याकार काढून कापायचा. हा नमुना घोटीव कागदाच्या मागच्या बाजूला ठेवून गिरवायचा. इथे एक गंमत होते : कपाचा कान उलट्या बाजूला जातो. म्हणून नमुना पालथा ठेवायला सांगा.

४. एकूण चार आकार, चार रंगांत. चार कागद एकदम कापायला छोट्या हातांना जड जातं, दोन-दोन कापा.

५. मांडून बघायचं, मगच चिकटवायचं. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा असे विरोधी रंग शेजारी आले की चित्र लगेच उठून दिसतं.

६. शेवटी एका तरी चौकोनात कापूसकाडीने ठिपके द्यायचे. रॉय लिक्टेनस्टाईन हा चित्रकार छापील कॉमिक्ससारखे ठिपके मोठे करून रंगवायचा, ते इथे सांगता येतं.

माझ्या दोन चुका

पहिल्या वर्षी मी स्वतः सुंदर नमुना करून फळ्यावर लावला. चाळीस मुलांनी चाळीस चहाचे कप केले, तेही माझ्याच रंगांत! तेव्हापासून मी फक्त रिकामे चार चौकोन दाखवते.

दुसरी चूक जास्त लागली. "उद्या घरून आवडत्या वस्तूचा पुडा आणा," असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कुणी महागड्या बिस्किटांचे, कुणी चॉकलेटचे खोके मिरवत आलं. एक मुलगी रिकाम्या हाताने आली. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडं पुडे नसतात. सगळं सुटंच आणतो." आणि वर, "मला चित्र पण येत नाही."

मलाच ओशाळल्यासारखं झालं. आपण चित्र मागत होतो की घराची परिस्थिती मांडायला लावत होतो? मी म्हटलं, "पुडा नको. चुलीजवळ रोज काय असतं?" तिने काड्यापेटी निवडली. तीन चौकोनांत तीन बंद पेट्या, चौथ्यात उघडी, आत खऱ्या जळक्या काड्या चिकटवलेल्या. "ही चौथी आजची," म्हणाली. भिंतीवर लावल्यावर मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच थांबली.

आता वर्गातच एक खोका ठेवते. महिनाभर मी आणि मुलं मिळेल ते त्यात टाकतो. उपक्रमाच्या दिवशी सगळे त्यातूनच निवडतात. कुणाचं काय, हे कळतच नाही.

मूल्यमापन कसं करायचं?

कापणं सरळ आलं का, यापेक्षा तीन प्रश्न विचारा : ही वस्तू का निवडलीस? चार चौकोनांत काय बदललंस? बघताना आधी न दिसलेलं काय दिसलं? मूल याचं उत्तर देऊ शकलं, की उपक्रम साधला.

चित्र 'येणं' म्हणजे हुबेहूब काढणं, असं आपणच नकळत शिकवतो. बघणं आणि निवडणं हेही चित्रच आहे, आणि ते प्रत्येक मुलाला येतं. करून बघा, आणि पहिल्या दिवशी नमुना लावायचा मोह तेवढा टाळा!