अभिसरण : एक शब्द, अनेक वाटा

शब्दाचा अर्थ धातूंत शोधावा, ही संस्कृत पढलेल्या माणसाची जुनी खोड. ती मलाही आहे. आणि तिनें एकदां मला चांगलेंच फसविलें. त्याची कबुली देण्यासाठींच हा लेखप्रपंच.

‘अभि’ म्हणजे कडे आणि ‘सृ’ म्हणजे सरकणें, जाणें. प्रियकराच्या भेटीस निघालेली ती अभिसारिका. साहित्यशास्त्रांतील अष्टनायिकांपैकीं ती एक. शरीरशास्त्रांत रक्ताभिसरण म्हटलें कीं हृदयापासून निघून हृदयाकडेच परतणारा फेरा समजावा. बहिर्गोल भिंग समांतर किरणांना एका बिंदूकडे वळवितें, म्हणून तें अभिसारी. कऱ्हाडास कृष्णा व कोयना समोरासमोर येऊन भेटतात, त्याला मात्र आपण सरळ संगम म्हणतों. असा हा एकच भाव ठिकठिकाणीं निराळा पोशाख करून येतो.

गणितांत मी फसलों. वर्गांत मीं सांगितलें, “ज्या श्रेढीचीं पदें लहान लहान होत शून्याकडे जातात, तिची बेरीजही एका ठराविक संख्येकडे जाते.” उदाहरण दिलें : १/२ + १/४ + १/८... ही बेरीज १ कडे जाते. एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, १ + १/२ + १/३ + १/४ ही कोठें जाते?” “तीही कोठें तरी थांबेलच,” असें म्हणून मीं त्याला आगाऊ ठरवून खालीं बसविलें.

दुसऱ्या दिवशीं त्यानें वही पुढें केली. १/३ व १/४ मिळून अर्ध्याहून अधिक. पुढचीं चार पदें मिळून पुन्हा अर्ध्याहून अधिक, त्यापुढचीं आठ मिळून तसेंच. अर्धें अर्धें असें कितीही वेळां मिळत राहणार. मग बेरीज थांबावी कशी? हीच युक्ति युरोपांत निकोल ओरेम यानें चौदाव्या शतकांत मांडली होती, हें मला मागाहून कळलें. ही बेरीज इतकी मंद वाढते कीं १० ओलांडण्यास १२,३६७ पदें लागतात. परंतु तिला सीमा नाहीं. मीं फळा पुसला. शाबासकी द्यावयाची, ती मात्र मानापायीं टाळली.

याच्या उलट केरळांतील संगमग्रामच्या माधवाची श्रेढी पाहा. त्याचा काळ सुमारें इ. स. १३४० ते १४२५. १ – १/३ + १/५ – १/७... या बेरजेची चौपट करीत गेल्यास ४, २.६६७, ३.४६७, २.८९५ असे आंकडे येतात. कधीं अधिक, कधीं उणे. तरी प्रत्येक पावलागणिक झोका आंखूड होतो आणि ते ३.१४१५९... या, वर्तुळाचा परिघ व व्यास यांच्या, गुणोत्तराकडेच जातात. ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मलयाळम ग्रंथांत याची उपपत्ति दिलेली आहे.

जीवशास्त्रांत अर्थ आणखी निराळा. शार्क हा मासा, तर डॉल्फिन पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी. कुळें अत्यंत दूरचीं. पण पाण्यांत वेगानें पोहण्याची गरज एकच, म्हणून शरीराचा घाट सारखा झाला. येथें भेट कोणाचीच नाहीं. केवळ सारखेपणा आला.

म्हणून वाचकहो, अभिसरण हा शब्द आला कीं दोन प्रश्न विचारावे : जवळ येतें तें काय, आणि कशाच्या जवळ? घरांतही हें उपयोगीं पडतें. रुसवे दिवसेंदिवस लहान होत आहेत एवढ्यावरून मनें जुळलीं असें समजूं नये. लहान रुसव्यांचीही बेरीज अमर्याद होऊं शकते. ती वेळीच पुसावी.

तो विद्यार्थी आज कोठें असेल तो असो. त्याची राहिलेली शाबासकी मी येथें देत आहें.