घरांतील ओल : तिच्या वाटा व तिचा बंदोबस्त

मृगाचा पाऊस लागून महिना लोटला कीं कोंकणांतील व मुंबईकडील घराघरांतून एक ओळखीचा कुबट वास सुटूं लागतो. पेटींतल्या शालूवर व मुकट्यावर पांढरे ठिपके दिसूं लागतात, पोथ्यांचीं पानें एकमेकांस चिकटतात, मिठाला पाणी सुटतें. गृहिणी पुसून पुसून दमते. यजमान दर दिवाळीला भिंतीस नवा रंग देतात, आणि पुढच्या आषाढांत जुना डाग नेमक्या त्याच जागीं हजर होतो. ‘पावसाळ्यांत हें असेंच चालावयाचें’ असें म्हणून बहुतेक घरीं हा प्रश्न निकालांत निघतो. परंतु तो केवळ डागांचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं या विषयावर मार्गदर्शक ग्रंथ प्रसिद्ध केला. ओलसर व बुरशी धरलेल्या घरांत राहणारांस खोकला, दमा आणि श्वसनमार्गाचे इतर विकार होण्याचा संभव अधिक असतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. ज्या घरांत पाळण्यांतलें मूल आणि दम्यानें रात्र बसून काढणारे आजोबा एकाच छपराखालीं नांदतात, त्या घरानें तरी ही गोष्ट हंसण्यावारी नेऊं नये.

आमचें सांगणें थोडक्यांत असें : ओल म्हणजे पाणी, आणि पाणी कोठून तरी आल्यावांचून येत नाहीं. त्याची वाट ठरविल्याखेरीज केलेला उपाय फुकट जातो. या वाटा तीन आहेत.

पहिली वाट पावसाची. पावसासरशीं डाग वाढला आणि उघाड पडतांच फिका झाला, तर दोष छपराचा, गच्चीच्या भेगेचा, तुंबलेल्या पन्हळीचा किंवा खिडकीभोंवतालच्या चिरेचा समजावा. कोंकणांतले लोक आगोटीला घर शाकारीत व पावसाच्या माऱ्याच्या बाजूस माडाच्या झापांचा आडोसा करीत, त्यांत मोठें शहाणपण होतें. ही दुरुस्ती उन्हाळ्यांतच व बाहेरून व्हावयास हवी. आंतून रंग चढविल्यानें पाणी थांबत नाहीं.

दुसरी वाट जमिनीची. भिंतीच्या पायथ्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे सुटतात व लोणा धरतो. वातींतून तेल चढावें तसें जमिनींतलें पाणी विटेच्या व चिऱ्याच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढतें. नव्या बांधकामांत जोत्यावर पाणी न शोषणारा थर घालतात. जुन्या वाड्यांस तो बहुधा नसतो. अशा भिंतीस पुष्कळ लोक सिमेंटचा गिलावा करतात व रोग वाढवितात. चुन्याच्या गिलाव्यांतून ओल बाहेर सुकून जाते. सिमेंटनें ती कोंडते आणि आणखी वर चढते. त्यापेक्षां भिंतीलगत सांठलेली माती जोत्याच्या खालीं उतरवावी, पागोळ्यांचें व मोरीचें पाणी पन्हळीनें दूर न्यावें आणि गिलावा चुन्याचाच ठेवावा.

तिसरी वाट हवेची. तिच्याकडेच आपलें दुर्लक्ष अधिक. ३० अंश सेल्सिअस उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅमच. म्हणून दमट हवा कपाटामागच्या गार भिंतीला टेकली कीं जास्तीचें पाणी तेथें उतरतें. बाहेरची हवा श्रावणांत दमट असतेच. पण तींत भर आपण घालतों. एक माणूस श्वासानें व घामानें दिवसाकांठीं सुमारें एक लिटर पाणी हवेंत सोडतो. दहा माणसांच्या घरांत हिशेब वाचकांनींच करावा. गॅस जळतांनाही पाणी तयार होतें : १४.२ किलोंच्या एका सिलिंडरापासून वीस लिटरांहून अधिक! शिवाय दांड्यांवर धुणें वाळत असतें. तें ओलें असतांना व वाळल्यावर तोलून पाहावें. जो फरक येईल तेवढें पाणी घरांतच राहिलें.

ओल भिंतीची कीं हवेची, याची परीक्षा सोपी आहे. प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही कडांनीं भिंतीस घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. खोलीकडच्या अंगास थेंब जमले तर ओल हवेची. भिंतीकडच्या अंगास जमले तर भिंतीची.

हवेच्या ओलीवर उपाय असे : भांड्यांवर झांकण ठेवावें व चुलीवरील पंखा वाफ बाहेर फेंकणारा असावा. न्हाणीघराचें दार लावून खिडकी उघडी ठेवावी. धुणें पडवींत, तें न जमल्यास खिडकी व पंखा असलेल्या एकाच खोलींत वाळवावें. निजावयाच्या खोलींत वाळवूं नये. कपाटें बाहेरच्या भिंतीपासून चार बोटें दूर असावींत. उघाड पडतांच खिडक्या मोकळ्या कराव्या. आर्द्रता शोषणारें विजेचें यंत्र लावलें असल्यास मात्र दारें-खिडक्या बंद हव्यात. पेट्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्या व त्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्या. कळीचा चुनाही आपल्या वजनाच्या सुमारें एक-तृतीयांश पाणी शोषतो. परंतु तो त्वचा व डोळे भाजतो, यासाठीं मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. डांबराच्या गोळ्यांनीं कसर पळते, ओल नव्हे. आणि खोली सुकविण्याकरितां बंद दारांआड कोळशाची शेगडी कदापि ठेवूं नये. तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू वासावांचून प्राण घेतो.

धरलेली बुरशी सुक्या फडक्यानें झाडूं नये, तिचे कण हवेंत उडतात. नाकातोंडास फडकें बांधून साबणाच्या पाण्यानें ती पुसावी आणि जागा लगेच कोरडी करावी.

शेवटीं एक सूचना. आर्द्रतामापक हें साधन स्वस्त मिळतें. तें घेऊन घरांतल्या शाळकरी मुलांवर रोज सकाळ-संध्याकाळ आंकडा टिपण्याचें काम सोंपवावें. आंकडा ७० च्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रण. ६० च्या खालीं आणतां आला तर उत्तम. कोणत्या दिवशीं तो चढला व त्या दिवशीं घरांत काय झालें, याची वही चातुर्मासभर ठेवली, तर पुढच्या आगोटीला पैसा कोठें खर्चावा हें रंगाऱ्यास विचारावें लागणार नाहीं.