मोहोराखालचं तण

फेब्रुवारी सरत आलाय. मलिहाबादच्या या बागेत दशहरी आंबा असा मोहोरलाय की बघणाऱ्याची मान खाली येत नाही. माझं लक्ष मात्र पायांकडे आहे. चाकवत गुडघ्याला लागतोय, हरणखुरीचे वेल ढेकळांवर पसरलेत आणि मधल्या पट्ट्यात सेंजीचे पिवळे तुरे माजलेत.

"चचा, यंदा नांगर फिरवला नाही?"

"फिरवला असता तर हिने काय खाल्लं असतं?" बागवाले चचा सेंजीकडे बोट दाखवतात. तुऱ्यासमोर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची माशी हवेत जागच्या जागी तरंगतेय. मधमाशी वाटते, पण पंखांची जोडी एकच. ही फुलमाशी. आंब्याच्या परागीभवनात अशा माश्यांचा वाटा मोठा, आणि हिच्या अळ्या मावा फस्त करतात. मोहोर चार दिवसांचा पाहुणा. एरवी हिचं पोट तणाच्या फुलांवर. ऐन फुलोऱ्यात फवारणी केली की हिचाच बळी जातो, तरी शेजारच्या बागेत पंप घुरघुरतोच आहे.

चचा सेंजीचं एक रोप मुळासकट उपटतात. मुळांवर बारीक गाठी. नखाने एक फोडतात, आत गुलाबी. हवेतला नत्र इथे जमिनीत मुरतोय, युरियाचं पोतं न उघडता.

सगळ्याच तणाला मात्र इथे मुभा नाही. खोडाभोवतीची माती खणून स्वच्छ ठेवलीय, कारण गुजिया, म्हणजे पिठ्या ढेकूण, तिथल्या मातीतच अंडी घालतो. खोडाला प्लास्टिकचा पट्टा आवळलाय, खालच्या कडेला ग्रीस. त्याखाली पिल्लांची गर्दी अडकलीय. गाजरगवत दिसलं की चचा हाताला पिशवी गुंडाळून फुलण्याआधीच उपटतात. त्याची बाजू मीही घेणार नाही.

पलीकडे एक म्हातारी चाकवताचे कोवळे शेंडे खुडतेय. ओचा भरत आलाय. घरी रायतं होणार.

"फळ धरलं की मशीनने कापून इथेच पसरणार," चचा सांगतात. "लूचे गरम वारे सुटले तरी जमिनीत ओल राहते."

म्हातारी मान वर करते. "खाँसाहब, माझ्या चाकवताचं बी पडू द्या आधी. नाहीतर पुढच्या थंडीत मी काय खुडू?"

"दोन ओळी सोडतो. त्याहून जास्त नाही."

"तीन," ती म्हणते आणि पुन्हा खुडायला लागते.