मोड्यूलआधी चाक बघा

छत्रपती संभाजीनगर ओलांडून जालना रस्त्याला लागलं की शेंद्रा औद्योगिक वसाहत येते. स्कोडाने 2001 साली तिथे ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली आणि 2004 च्या सुमारास तिची व्हीआरएस ही तिखट बहीण बाजारात आणली. 1.8 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती, आणि तरी डिकीत चार पोती सहज मावतील अशी घरगुती गाडी. आज या गाड्या विशीत आहेत. निफाड तालुक्यातल्या एखाद्या हौशी द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये अशी एखादी उभी दिसली तर नवल नाही. इंजिन ठणठणीत, टर्बो जागेवर, रंगही बरा. फक्त मीटरमध्ये एबीएसचा पिवळा दिवा लागलेला असतो आणि तो काही केल्या विझत नाही.

असा दिवा लागला की आपल्याकडे पहिला निकाल ठरलेला असतो: ‘मोड्यूल गेलं,’ म्हणजे एबीएस चालवणारा इलेक्ट्रॉनिक मेंदूच निकामी झाला. माझं म्हणणं एवढंच, की याच तालुक्यातल्या सायखेड्यासारख्या गावात हा निकाल सगळ्यात शेवटी द्यावा. आधी चाकापाशी बसावं.

सायखेडाच का, तर गावाची जागा बघा. गोदावरीच्या एका काठाला चांदोरी, दुसऱ्या काठाला सायखेडा, मधे पूल. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये महापुराचं पाणी दोन्ही गावांच्या बाजारपेठांत शिरलं होतं. पूर ओसरतो, गाळ राहतो. थोडं खाली नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. तिथे साठलेल्या गाळानेच पाणथळ तयार झाली आणि 2020 साली ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा ठरली. पक्ष्यांना गाळ मानवतो, चाकाच्या सेन्सरला मानवत नाही. त्यात उसाचे ट्रॅक्टर शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकतात ते वेगळंच. पावसाळ्यात ही माती चाकाच्या आतल्या बाजूला थापली जाते, वाळते, पुन्हा भिजते, आणि आतलं लोखंड गंजत राहतं.

एबीएसचं काम सांगायला सोपं आहे. जोरात ब्रेक मारला की चाक जाम होतं, गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही. एबीएस प्रत्येक चाकाचा वेग मोजत राहतं. एखादं चाक इतरांच्या मानाने फार झपाट्याने थांबायला लागलं की त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडतं आणि पुन्हा देतं. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा चालतं. पायाखाली पेडल थडथडतं ते त्यामुळे. ही कल्पना मुळात विमानाची. धावपट्टीवर चाकं घासून टायर फुटू नयेत म्हणून डनलॉप कंपनीने 1950 च्या दशकात मॅक्सारेट नावाची यांत्रिक प्रणाली विमानांना बसवली. सायखेड्यापासून ओझरचा विमान कारखाना फार लांब नाही, तेव्हा इथल्या माणसाला विमानाच्या ब्रेकचं अप्रूप वाटायचं कारण नाही. 1966 मध्ये तीच मॅक्सारेट जेन्सन एफएफ या इंग्लिश मोटारीत आली, आणि 1978 मध्ये बॉशने इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये दिलं. आपल्याकडे नव्या मॉडेलच्या मोटारींना ते एप्रिल 2018 पासून आणि सगळ्या नव्या मोटारींना एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. म्हणजे 2004 च्या व्हीआरएसमध्ये जे होतं ते साध्या मोटारींना सक्तीने मिळायला पंधरा वर्षं लागली.

आता बिघाडाकडे. चाकाजवळ दात पाडलेली एक लोखंडी रिंग फिरते आणि तिच्यासमोर साधारण एक मिलिमीटरच्या फटीवर सेन्सर बसलेला असतो. त्या पिढीच्या अनेक गाड्यांत तो साधा असायचा: चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. समोरून एक दात गेला की विजेची एक लाट उठते. हिशेब करून बघा. टायरचा घेर दोन मीटर धरला तर ताशी 36 किलोमीटरला चाक सेकंदाला पाच फेरे घेतं. रिंगला 44 दात असतील तर सेकंदाला 220 लाटा. मोड्यूल या लाटा मोजतं. बाकी त्याला रस्ता दिसत नाही की चाक दिसत नाही. लाट चुकली की त्याला वाटतं चाक थांबलं.

यातूनच जुन्या गाडीचं एक ओळखीचं लक्षण निघतं. गाडी चौफुलीवर हळूच थांबत असते, वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, रस्ता कोरडा, आणि पेडल अचानक थडथडतं. गाडी हातभर पुढे सरकते. पुष्कळदा दिवाही लागत नाही. असं झालं की मोड्यूलचा संशय बाजूला ठेवा. या साध्या सेन्सरची लाट वेग कमी होईल तशी दुबळी होते. फट वाढलेली असेल तर तीन चाकांचे आकडे नीट येतात आणि चौथ्याचा आधीच शून्यावर जातो. मोड्यूल म्हणतं, हे चाक जाम झालं, सोडा ब्रेक. ते बिचारं आपलं काम चोख करत असतं, त्याला मिळणारी माहितीच खोटी असते.

फट वाढते कशी, हे एकदा डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. गाडी जॅकवर घेऊन नुसता जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोडी लावायची आणि चाक काढायचं. सेन्सरचा एकच बोल्ट असतो, तो सुटतो. सेन्सर मात्र सुटत नाही. त्याच्या भोकात गंज फुगलेला असतो. पक्कडीने ओढला तर प्लास्टिक तुटतं आणि चांगला सेन्सर बाद होतो. गंज सोडवणारं तेल मारून थांबावं, मग हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत बाहेर काढावा. टोकाला लोखंडाच्या बारीक चुऱ्याची दाढी आलेली दिसते: डिस्क आणि बेअरिंगची वर्षानुवर्षांची झीज चुंबकाला चिकटलेली. ती फडक्याने पुसायची. सेन्सर ज्या बैठकीवर टेकतो तिथला गंज खरवडून बैठक सपाट करायची, कारण त्या गंजाच्या थरानेच सेन्सरला अर्धा मिलिमीटर बाहेर ढकललेलं असतं. पुष्कळ वेळा काम इथेच संपतं, खर्च एका पॉलिश पेपरचा.

नाही संपलं तर रिंग. बॅटरी पाजळून चाक अगदी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा आणि दात न् दात बघा. रिंगच्या खाली गंज फुगला की ती तडकते, केसाएवढी. त्या तड्याशी दोन दातांतलं अंतर बदलतं आणि प्रत्येक फेऱ्याला एक लाट चुकते. अशी रिंग वेल्डिंग करून चालत नाही, बदलावीच लागते.

स्कॅनरबद्दल दोन शब्द. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं यंत्र बहुधा इंजिनाचेच कोड वाचतं. एबीएसशी बोलणारा स्कॅनर वेगळा लागतो. आणि कोड म्हणजे पत्ता, निदान नव्हे. ‘पुढचं उजवं चाक, सिग्नल नाही’ असा कोड आला तर सेन्सर, रिंग, वायर, कपलर, बेअरिंगचा खेळ यांतलं काहीही असू शकतं. खरं काम होतं ते चालत्या गाडीतल्या आकड्यांवर. सरळ रस्त्यावर एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने पडद्यावर चारही चाकांचे वेग बघावेत. आकडा मधेच शून्य होत असेल तर सिग्नल तुटतो आहे. एका चाकाचा आकडा सतत थोडा जास्त असेल तर आधी टायर बघा. हौसेने चढवलेल्या वेगळ्या मापाच्या टायरनेही एबीएस गोंधळतं.

स्कॅनर नसला तरी मल्टिमीटर पुरतो. साध्या सेन्सरचा रोध बहुधा एक-दीड हजार ओहमच्या आसपास येतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं की आकडा उठायला हवा, आणि डावा-उजवा साधारण सारखा यायला हवा. मग मीटर लावलेला ठेवूनच वायर हलवून बघा. स्टिअरिंगबरोबर वाकणाऱ्या जागी आतलं तांबं तुटतं आणि वरचं रबर शाबूत राहतं. डावीकडे वळलं की दिवा लागतो तो याच कारणाने. बागेतल्या शेडमध्ये महिनोन्‌महिने उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडलेली सापडणं हेही नेहमीचंच. नंतरच्या गाड्यांतला सक्रिय सेन्सर मात्र ओहमवर तपासू नये. त्याला मोड्यूलकडून वीज येते की नाही ते पाहावं. त्या प्रकारात रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं ठोकलं तर सगळं नवं असूनही सिग्नल येत नाही. बसवण्याआधी टाचणी लावून बघावी. चिकटते ती बाजू सेन्सरकडे.

चारही चाकं निर्दोष निघाली की मग फ्यूज, अर्थिंग, बॅटरीचा व्होल्ट आणि ब्रेक लाइटचा स्विच. या शेवटच्या दोन किरकोळ वस्तूंनी भल्याभल्यांना फिरवलंय. हे सगळं झाल्यावरच मोड्यूलचं नाव घ्यावं. त्याचे टाके आतून सुटतात, पंपाची मोटर बसते, हे खरं आहे. पण जुन्या बाजारातून आणलेलं मोड्यूल नुसतं जोडून चालतंच असं नाही, बऱ्याच गाड्यांत ते कोडिंग मागतं. नवं घ्यायचं तर विशीतल्या गाडीच्या किमतीत मोठा खड्डा पडतो.

मोड्यूल वाचवायचं असेल तर ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा ओढतं. दोन वर्षांत बदलावं असा सर्वसाधारण नियम आहे, आणि आपण ते गाडी विकेपर्यंत बदलत नाही. ओलाव्याने एबीएसच्या ब्लॉकमधले बारीक व्हॉल्व्ह गंजतात. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे दाबतो तेव्हा तळाचं काळं ऑइल उलटं त्या व्हॉल्व्हकडे जातं. ब्लीडचा निपल उघडून ते बाहेर काढलं तर हा त्रास टळतो.

नुसता पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त चाक जाम होऊ शकतं, तेव्हा सांभाळून चालवत गॅरेज गाठता येतं. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी बाजूला घ्या, ऑइलची पातळी बघा आणि शंका असेल तर टोचन करून न्या. मागच्या चाकांना जाणारा दाब आवरणारी सोयही अशा वेळी बंद पडलेली असू शकते.

आणि जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा एवढं करा. इंजिन सुरू न करता चावी फिरवा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तर बहुधा कोणीतरी मीटर उघडून दिवाच काढला आहे किंवा त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली आहे. अशा गाडीचा इसार देऊ नका.