घरचा तांदूळ आणि विकतचा तांदूळ



कांद्याची गाडी घेऊन तुमच्यापैकी पुष्कळांनी वाशीचा बाजार पाहिला असेल. पट्टी हाती पडेपर्यंत माणूस इकडे-तिकडे बघतो. रुंद रस्ते, उंच इमारती, दाराशी उभ्या मोटारी. मनात येते, इथल्या लोकांचे बरे आहे बुवा, महिन्याच्या महिन्याला पगार! पण पुढच्या खेपेस वेळ मिळाला तर तुर्भे, घणसोली, कोपरखैरणे अशा एखाद्या जुन्या गावात डोकावून या. तिथली म्हातारी माणसे तुमच्या-आमच्यासारखीच शेतकऱ्यांची लेकरे आहेत. त्यांच्या घरचा जमाखर्च आपण समजून घेण्यासारखा आहे.

शेत गेले, शहर आले

मुंबईची गर्दी हटवायची म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि १९७० साली सिडको हे महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेण्याचे ठरले. गावे आगरी-कोळ्यांची. पावसाळ्यात भात, भातामागे कुठे वाल, खाडीत मासळी, उरण-पनवेलकडे मिठागरे. रोख पैसा थोडा, पण कणगीत भात, अंगणात कोंबड्या आणि ओहोटीला गेले की कालवणापुरती मासळी.

जमिनीला रास्त भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणांस मुकले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. म्हणजे काय, ते आपल्या भाषेत मांडू. एकराचे गुंठे ४०. त्यांच्या साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे विकसित भूखंड. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के वजा जाता हाती उरतात साडेतीन गुंठे. शहरात साडेतीन गुंठ्यांना मोल मोठे, हे खरे. पण साडेतीन गुंठ्यांत भात लावता येत नाही.

न दिसणारी मिळकत

आता वही-पेन्सिल घ्या. पाच माणसांचे घर धरा. दोन्ही वेळ भात खाणाऱ्या घरात रोज दोन किलो तांदूळ लागतो. वर्षाचे झाले ७३० किलो. किलोला ५० रुपये भाव धरला तर ३६,५०० रुपये. घरचे शेत असते तेव्हा हा आकडा कुठेच लिहिलेला नसतो. कारण साधारण ११ क्विंटल भात कणगीत पडते, भरडून आणले की वर्ष निघते. बियाणे, खत, नांगरट यांचा खर्च वजा घातला, तरी घरच्या माणसांची मेहनत घरातच राहते.

शेत गेले की तोच तांदूळ दुकानातून येतो. तेवढे पैसे बँकेच्या व्याजातून काढायचे म्हटले, तर सात टक्के दराने सव्वापाच लाखांच्या आसपास ठेव लागते. ही झाली एकट्या तांदळाची गोष्ट. डाळ, दूध, भाजी, मासळी, जळण यांचा हिशेब वेगळाच. शिवाय ठेवीचे व्याज तेवढेच राहते, दुकानातला भाव मात्र थांबत नाही.

म्हणून पगाराचा आकडा ऐकून भुलू नका. शहरातल्या वीस हजारांतून घरभाडे, वीजबिल, गॅस, मुलांची फी आणि गाडीचा पास वजा करा. उरेल त्यातून वर्षाचे धान्य काढा. मग आपल्या घराशी तुलना करा. शहरात काहीच मिळाले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. शाळा-कॉलेजे आली, दवाखाने आले, १९९२ साली वाशीपर्यंत रेल्वे आली. त्या गावांतली मुले शिकली. पण जी बाई शेतात भात लावी, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकी आणि चार पैसे स्वतःच्या हाताने खर्च करी, तिचे काम शेताबरोबरच गेले. सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नव्हतेच. मग मोबदल्याचा पैसा कुठे घालावा, हे तिला कोण विचारणार?

कोण तगले?

पैसा सगळ्यांकडेच आला, पण टिकला तो सगळ्यांकडे नाही. लग्नात, गाडीत, हळदीच्या जेवणावळीत गेलेला पैसा परत येत नाही. ज्यांनी गावठाणातल्या घरावर चार खोल्या चढवून भाड्याने दिल्या, त्यांना दरमहा काहीतरी येत राहिले. त्यातल्या पुष्कळ खोल्या गरजेपोटी, परवानगीवाचून बांधलेल्या. त्यांची टांगती तलवार मागे लागली ती लागलीच. तरी धडा तोच: एकरकमी पैसा आटतो, महिन्याची आवक घर चालवते.

तुमच्या दारी वेळ आली तर

आज रस्ता, उद्या धरण, परवा कारखाना. जमीन जाण्याची वेळ कोणत्याही गावावर येऊ शकते. म्हणून चार गोष्टी आजच करा.

एक, घरात जे विकत घ्यावे लागत नाही त्याची वर्षभर नोंद ठेवा. धान्य, दूध, भाजी, अंडी, जळण, सारे बाजारभावाने लिहा. वही घरातल्या बाईच्या हाती द्या. तिला यातले जास्त कळते.

दोन, जमिनीचा भाव ठरवताना ही वही समोर ठेवा.

तीन, मोबदला आलाच तर आधी कर्ज फेडा, मग शक्य असेल तेवढ्यात दुसरीकडे जमीन बघा. उरलेला पैसा नवरा-बायकोच्या जोडनावाने ठेवा. लग्नकार्य त्यानंतर.

चार, मुलगा शहरात नोकरीला निघाला तर त्याच्याकडून दरमहा अमुक रक्कम आलीच पाहिजे, असा धोशा लावू नका. त्याचा तांदूळ विकतचा आहे, हे ध्यानात असू द्या. तो गावी आला की परतताना पाच-दहा किलो तांदूळ, थोडी डाळ बांधून द्या. त्या गाठोड्याची किंमत त्याच्या बायकोला विचारा, ती तुम्हाला बरोबर सांगेल.