येलदरीचा ल

महाराष्ट्राला येलदरी माहीत आहे ती धरणामुळे. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचे वीजगृह आहे. जिंतूर तालुक्यातल्या या गावच्या पोराने इंजिनिअर व्हावे, असे कुणालाही सुचेल. डिझायनर व्हावे, हे सहसा सुचत नाही. सुचलेच तर त्यासाठी कुठे जायचे, काय शिकायचे, हे घरात कुणाला सांगता येत नाही.

वाट आहे, आणि ती शाळेतल्या चित्रकलेच्या सरांपासून सुरू होते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांत स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती, अक्षरलेखन असे विषय असतात. बारावीनंतर बीएफएच्या प्रवेशासाठी जी कला सीईटी द्यावी लागते, तिथेही वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र आहेच. म्हणजे सरांनी आठवी-नववीत बसवलेला हात पुढे थेट प्रवेशाला उपयोगी पडतो. पण सर असतील तर! २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर मुले असतील तरच कलेचा निदेशक मिळतो, तोही अर्धवेळ. जिथे चित्रांचे प्रदर्शन नाही, कलावर्ग नाही, रंगांचे धड दुकानही नाही, अशा लहान गावांच्या शाळाच या अटीत मागे पडतात. हा अन्याय आहे आणि तो डोळ्यांवर येत नाही, कारण न झालेल्या चित्रकाराची नोंद कुठल्याच कागदावर होत नसते.

मराठवाड्याच्या वाट्याला शासकीय कला महाविद्यालय एकच आले, छत्रपती संभाजीनगरचे, किलेअर्क भागातले. ऐपत असलेले पालक मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे पाहतात, आणि ते साहजिक आहे. १८५७ पासूनची ती संस्था. १९३५ साली तिथे कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि जाहिरात, मुखपृष्ठ, अक्षररचना ही पोटापाण्याची विद्या झाली.

पण याच जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ साली विद्यार्थ्यांना घेऊन कुठे आले होते? अजिंठ्याला. भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे ते काम १८८५ पर्यंत हंगामाहंगामाने चालले. तेव्हा मुंबईची मुले शिकायला मराठवाड्यात येत होती. संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला तेच अजिंठा एसटीच्या एका दिवसाच्या फेरीत गाठता येते. उभा धागा सुती आणि आडवा रेशमी असलेला हिमरू याच शहराचा. पैठणी विणताना पाहायची तर पैठणही लांब नाही. पदरावरच्या मोरासाठी विणकर रंगागणिक वेगळी कांडी कशी फिरवतो, हे तिथे मागाशेजारी बसून पाहता येते. गावाच्या मधोमध असलेल्या छोट्या कॉलेजचे मोल माझ्या लेखी यातच आहे. वर्ग सुटला की विद्यार्थी पेठेत असतो, आणि पाट्या, लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, कापडाचे ठाण हे सगळे त्याच्यासमोर रोजच मांडलेले असते.

पाटीचेच घ्या. ‘येलदरी’ लिहायचे आहे. मराठी वळणाच्या ‘ल’ला मधल्या देठाच्या दोन्ही अंगांना पाकळ्या फुटतात, हिंदी वळणाचा ‘ल’ उजवीकडच्या उभ्या दंडाला टेकतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. हाताने रंगवणाऱ्या पेंटरला तो सांगावा लागत नव्हता, त्याच्या मनगटातच होता. फ्लेक्स आले आणि संगणक देईल ते अक्षर पाटीवर चढू लागले. बहुतेक वेळा ते दंडाचेच. ज्या ‘मंगल’ टंकाने संगणकावर देवनागरी घरोघरी नेली, तो मात्र एका मराठी माणसाने, र. कृ. जोशी यांनी घडवलेला. आता भाषा मराठी निवडली की अक्षराचे वळण आपोआप बदलेल, अशी सोय टंकातच करता येते. ती वापरायला शिकलेला एक मुलगा जिंतुरात फ्लेक्सचे दुकान टाकून बसला, तरी तालुक्याच्या पाट्या सुधारतील.

आणि त्याला नमुने हवे असतील तर तेही तालुक्यातच आहेत. चारठाण्याची यादवकालीन मंदिरे, तिथला कोरीव उंच स्तंभ, पायऱ्यांची पुष्करणी. संकल्पचित्राच्या पेपरात मुले चौकोनात पाने-फुले बसवतात, तोच सराव तिथे दगडात झालेला आहे: एक नक्षी किती वेळा फिरवायची, कोपऱ्यात कशी मोडायची, रिकामी जागा कुठे सोडायची. परभणी जिल्ह्यातल्या शाळांनी ग्रेड परीक्षेच्या वर्षी मुलांना कागद, पट्टी आणि पेन्सिल देऊन एक दिवस चारठाण्याला न्यावे. याला फारसा खर्च नाही, आणि वरून परवानगीची वाट पाहण्याचेही कारण नाही.