परदेशस्थ भारतीय आणि स्वातंत्र्यलढा : गदर चळवळ

मायदेशापासून दूर गेलेला समाज त्याच्या स्वातंत्र्यलढ्यास कसे बळ देतो, याचे परिचित उदाहरण आयरिश लोकांचे आहे. अमेरिकेतील आयरिशांच्या पैशाचा १९१६ च्या डब्लिनमधील उठावास आधार होता. भारतीयांची अशीच चळवळ १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उभी राहिली. ती म्हणजे गदर.

तिचे बहुसंख्य सभासद लाकडाच्या गिरण्यांत व शेतांत राबणारे पंजाबी मजूर होते. देश गुलाम असल्यामुळेच परदेशातही आपली अवहेलना होते, हे त्यांना उमगले होते. त्यांच्या वर्गणीवर सॅन फ्रान्सिस्को येथून ‘गदर’ साप्ताहिक निघू लागले. १ नोव्हेंबर १९१३ चा पहिला अंक उर्दूत होता. गुरुमुखी आवृत्ती त्यानंतर निघाली.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि भोपाळचे मौलवी बरकतुल्ला हे दोघेही या चळवळीत होते. तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेतून परतले. सैनिकांत उठाव घडवण्याच्या प्रयत्नात ते मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यानंतर पंधरा दिवसांनी काबूल येथे स्थापन झालेल्या हंगामी सरकारात बरकतुल्ला पंतप्रधान झाले. १९२७ मध्ये परदेशातच त्यांचे निधन झाले.

हैदराबादच्या गौलीगुडा भागात मराठी व उर्दू रोज एकमेकींच्या कानांवर पडतात. येथील वर्गात पिंगळे मराठीच्या आणि बरकतुल्ला उर्दूच्या वाट्याला, अशी वाटणी न करता दोघांना एकाच पाठात शिकवणे इतिहासाला धरून होईल.